कौलभट्टीच्या वळणापर्यंत

तोकुजी हामागुचीने लग्न का केलं नाही, हे मेळ्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणालाच ठाऊक नाही, अशी फक्त तोकुजीची समजूत होती. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाने इतकं भाबडं असू नये, पण जन्मभर बासरीत फुंकर घालणाऱ्यांचं काही सांगता येत नाही.

मेळा सात माणसांचा. सिंहाचं लाकडी मुंडकं, त्यामागे हिरवी झूल, दोन ढोल, झांजा आणि एक बासरी. इसेच्या देवस्थानाहून निघायचं आणि गावोगाव फिरायचं. दारात सिंह नाचायचा, आत जाऊन चुलीची दृष्ट काढायचा, घरची बाई ताटात तांदूळ घेऊन उभी असायची. मालक क्युबेई घराच्या रक्षणाचा देवाचा जुना कागद परत घेऊन नवा द्यायचे आणि मेळा पुढच्या दाराला लागायचा. गावं ठरलेली, घरं ठरलेली, तारखासुद्धा ठरलेल्या. पाऊस असो, वादळ असो, हाचिमान शहराची तारीख अकरा एप्रिल म्हणजे अकरा एप्रिल. लोक त्या दिवशी कॅलेंडर बघत नसत, कान देत असत.

या शहरात मच्छरदाण्या विणणाऱ्यांची एक पेठ होती. एके काळी पेठेत तीसेक घरं विणायची. आता खिडक्यांना तारेची जाळी बसवायची फॅशन आली आणि दोनच उरली. त्यांतलं एक घर निशिओकांचं. हिरव्या तागाची, लाल किनारीची मच्छरदाणी निशिओकांची म्हटली की जुनी माणसं अजून मान डोलवायची. घरात म्हातारा निशिओका आणि त्याची मुलगी शिनो, एवढीच दोघं.

तोकुजी पहिल्यांदा या दारात आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. मालकांचे दात पडायला लागले होते, म्हणून बासरी नुकतीच त्याच्या हातात आलेली. दारातच त्याचा एक सूर घसरला. म्हाताऱ्यामागे उभी असलेली मुलगी ताटाआड तोंड लपवून हसली आणि म्हातारा म्हणाला, "बासरी कच्ची आहे." दुसऱ्या वर्षी म्हणाला, "अजून कच्चीच." तोकुजीने वर्षभर वाटेत, बसथांब्यांवर, धर्मशाळांच्या माडीवर बासरी घोटली ती त्या एका म्हाताऱ्यासाठी, असं तो स्वतःला सांगायचा. पाचव्या वर्षी म्हातारा म्हणाला, "हं. पिकली." त्या दिवशी ताटामागची मुलगी हसली नाही, खाली बघत राहिली. तोकुजीचं मन तिथेच गेलं.

सिंह आतल्या खोलीत जायचा तेव्हा सोबत ढोल जायचा. बासरी उंबऱ्याबाहेर थांबायची आणि घरची बाई ताट घेऊन उंबऱ्याच्या आत. वर्षातली तेवढीच काय ती त्यांची पाच-सात मिनिटं. एकोणीस वर्षांत सगळी मिळून दोन तास भरले असतील नसतील. लोक एका लांबच्या गाडीत शेजारच्या अनोळखी माणसाशी याहून जास्त बोलतात.

पण दोन तासांत बरंच मावतं. शिनोचं एकदा लग्न ठरून मोडलं, हे त्याला त्या उंबऱ्यावरच कळलं. म्हाताऱ्याने अंथरूण धरलं, हेही. आणि गेल्या वर्षी, आत ढोल वाजत असताना, त्याने विचारलं होतं, "आम्ही गेल्यावर तुम्ही काय करता?"

"ऐकत बसते."

"काय ऐकता?"

"तुम्हाला नाही कळायचं ते."

आत ढोलाची चाल बदलली, म्हणजे सिंह आता परत फिरणार होता. तोकुजी उंबऱ्याकडे सरकला. तो म्हणाला, "मी मेळा सोडून इथे राहिलो तर?"

ताट हललं. चार तांदूळ उंबऱ्यावर सांडले. शिनो ते वेचायला खाली बसली आणि खालीच बघत म्हणाली, "पुढच्या वर्षी सांगते."

"वर्षभराने?"

"तुम्ही वर्षाने येता. मग मीही वर्षानेच सांगणार." मग ओट्यामागून तिने एक लांबट पिशवी काढून त्याच्या हातात दिली. हिरव्या तागाची, लाल किनारीची, बासरीसाठी शिवलेली. मच्छरदाणीच्याच कापडाची होती. तेवढ्यात सिंह बाहेर आला आणि तोकुजीला बासरी ओठाला लावावी लागली.

ते वर्ष त्याने कसं काढलं ते मेळ्याला विचारा. शिकोकूच्या बेटावर, ओकायामाच्या खेड्यांत, सगळीकडे त्याची बासरी इतकी गोड वाजायला लागली की बाया ताटात दोन मुठी जास्त तांदूळ घालायच्या. मात्सुगोरो, मेळ्यातला विदूषक, ढेरीवर हात फिरवत म्हणायचा, "तोकू, दरवर्षी कुणीतरी तुला असंच टांगून ठेवलं पाहिजे. सगळ्यांचं पोट भरतंय."

आणि आज अकरा एप्रिल होता.

मात्सुगोरो विदूषक तर होताच, शिवाय मेळ्याच्या पुढे जाऊन दारोदार वर्दी देणं हेही त्याचंच काम. सकाळी दगडी पुलापाशी मेळा सिंहाची झूल बांधत होता, तेव्हा तो परत आला. नेहमी लांबूनच काहीतरी अचकटविचकट ओरडत यायचा. आज गप्प आला.

"मच्छरदाणीवाल्यांच्या पेठेत एक घर सोडायचंय," तो मालकांना म्हणाला. "कागद लागलाय."

कागद म्हणजे सुतकाचा. दाराला पांढरा कागद लागला की सिंह त्या घरी जात नाही. नुसता जात नाही असं नाही. तीन घरं आधी ढोल थांबतात, सिंहाच्या डोळ्यांवर फडकं टाकतात आणि मेळा मान खाली घालून त्या दारावरून मुक्याने जातो. तीन घरं पुढे गेल्यावर पुन्हा वाजवायला सुरुवात.

"कुणाचं घर?" मालकांनी विचारलं.

मात्सुगोरोने तोकुजीकडे पाहिलं नाही. "निशिओकांचं."

तोकुजी म्हणाला, "कोण गेलं?"

"मी कशाला विचारू?"

"कोण गेलं, मात्सुगोरो?"

"अरे, काय विचारतोस ते तुझं तुला कळतंय का? सिंह बरोबर असताना मेलेल्याचं नाव विचारायचं नसतं. उद्या तू सिंहाला सिगारेट देशील." मग तो जरा नरमला. "म्हातारा अंथरुणावरच होता ना? म्हाताराच असणार. फक्त..."

"फक्त काय?"

"कोपऱ्यावरची टोफूवाली म्हणत होती, निशिओकांची मुलगी सबंध हिवाळा खोकत होती म्हणून. तेवढंच. मी पुढे ऐकलं नाही."

मालक क्युबेईंनी दोघांकडे पाहिलं. बहात्तर वर्षांचा माणूस, तोंडात पाच दात, पण आवाज अजून ढोलासारखा. "झूल बांधा," ते म्हणाले. "अजून चाळीस दारं आहेत जेवणाआधी."

त्या सकाळी तोकुजीने कसं वाजवलं हे न सांगितलेलं बरं. चाल इतकी पळवली की सिंहाच्या आतला माणूस तिसऱ्या दारातच धापा टाकायला लागला. सोयाबीनचं दुकान चालवणारी एक बाई म्हणाली, "आज काय घाई आहे हो सिंहाला?" मात्सुगोरो लगेच पुढे झाला, "काकू, सिंहाला नाही, बासरीला. तिच्यामागे कुत्रं लागलंय." बाई हसली. तोकुजीला त्या हसण्याचा राग आला, मग मात्सुगोरोचा, आणि शेवटी आपलाच. म्हातारा मेला असावा, अशी तो मनातल्या मनात देवाला विनवणी करत होता. ज्या म्हाताऱ्याने त्याची बासरी पिकवली तो मेला असावा म्हणून. लोकांच्या उंबऱ्यासमोर उभं राहून, देवाच्या सिंहासोबत, असली विनवणी. त्याला स्वतःची किळस आली, तरी तो ती करतच राहिला.

दुपारचं जेवण दरवर्षीप्रमाणे साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्या काताओकांकडे होतं. मोठ्या खोलीत पंगत बसली, शहराजवळच्या मोठ्या तळ्यातल्या मुरवलेल्या माशाचा उग्र वास सुटला. एरवी तोकुजी त्या माशावर तुटून पडायचा. आज त्याने चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि पोटात दुखतंय म्हणून उठला.

"पोटात?" मात्सुगोरो म्हणाला. "जरा वर दुखत असेल."

मालक जेवत राहिले. त्यांनी अडवलं नाही, इतकंच.

एकोणीस वर्षं तो या शहरात येत होता, पण शहर त्याने फक्त समोरून पाहिलं होतं. कुठल्या घराचा उंबरा झिजलाय, कुठल्या दाराची कडी सैल आहे, कुठली बाई तांदूळ मोजून घालते आणि कुठली ओंजळीने, हे सगळं त्याला पाठ होतं. उंबऱ्याच्या पलीकडे शहर कसं आहे याचा त्याला पत्ता नव्हता. पेठेतून सरळ जाणं शक्य नव्हतं. मेळ्याचा पोशाख अंगावर, सगळे ओळखणार, आणि बासरीवाला एकटा कसा म्हणून विचारणार. म्हणून तो मागच्या बाजूने निघाला आणि दोन वळणांत चक्क हरवला.

मागचं शहर निराळंच होतं. समोर ज्या घरांना सुबक लाकडी जाळ्या होत्या त्यांच्या मागे पत्र्याच्या पडव्या, मुळ्यांची लोणची घातलेली पिंपं, तारेवर वाळणारे लंगोट. एका परसात शाळामास्तर, ज्यांना त्याने नेहमी कडक कॉलरमध्ये पाहिलं होतं, ते उघड्या अंगाने कोंबडीमागे धावत होते. एका दुकानामागे तारेच्या जाळीच्या नव्याकोऱ्या चौकटींची चळत रचली होती. तोकुजीने जाताजाता तिच्यावर उगाच एक रागाची नजर टाकली.

शेवटी तो कालव्याला लागला. पूर्वी तळ्यावरून नावा इथूनच शहरात शिरायच्या. आता पाण्यावर शेवाळ होतं आणि वास मारत होता. काठाने घरांच्या पाठी एका रांगेत उभ्या होत्या, प्रत्येकीच्या मागे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पलीकडे दूर कौलांच्या भट्टीचं धुराडं दिसत होतं, जिथे पेठेचा रस्ता वळतो. त्यावरून अंदाज घेत तो पाठी मोजत चालला. अकरावी पाठ निशिओकांची असायला हवी होती.

अकराव्या पाठीला परस होतं आणि परसात एक मच्छरदाणी वाळत होती. एवढी मोठी हिरवी मच्छरदाणी, तिची दोन टोकं बांबूला, एक झाडाला, आणि चौथं खांबातल्या एका खिळ्याला अडकवलेलं. खिळ्याभोवती लाकूड झिजून खळगा पडला होता. दोन माणसांचं काम एका माणसाने खिळ्याच्या मदतीने वर्षानुवर्षं केलं की असं होतं.

मग त्याला ते कापड दिसलं.

घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला, जिथे ऊन येत नाही तिथे, एक किमोनो उलटा करून टांगलेला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. माणूस गेला की त्याचा कपडा असा उत्तरेला टांगतात आणि दिवसातून दोनदा त्यावर पाणी घालतात, वाळू देत नाहीत. म्हणजे ज्याचं सुतक त्याचाच हा कपडा.

कपडा उलटा होता. वर फक्त करड्या रंगाचं अस्तर दिसत होतं. करडं अस्तर बापाच्या किमोनोलाही असतं आणि मुलीच्याही. लांबी कळत नव्हती, कारण खालचा भाग ओला होऊन गोळा झाला होता. तो कुंपणापाशी गेला. जन्मभर पोशाख चढवण्यात आणि घड्या घालण्यात घालवलेला माणूस होता तो, त्याला काय बघायचं ते ठाऊक होतं. बाईच्या किमोनोची बाही काखेखाली उघडी असते. पुरुषाची तिथे शिवून बंद केलेली असते. बाहीची ती जागा भिंतीकडे वळली होती. वारा येईना. तळ्यावरून दिवसभर वारा सुटलेला असतो, आणि नेमका आत्ता येईना.

मग आला. बाही वळली. काखेखाली शिवण होती, थेट वरपर्यंत.

तोकुजी कुंपणाला धरून रडला. आनंदाने रडला, आणि त्या आनंदाची त्याला इतकी लाज वाटली की त्याने त्या ठिबकणाऱ्या कपड्यासमोर वाकून नमस्कार केला. "माफ करा," तो म्हाताऱ्याला म्हणाला. "कच्चाच आहे अजून."

"कोण आहे?"

शिनो पाण्याची बादली आणि वाटी घेऊन मागच्या दारात उभी होती. काळे कपडे, केस ओढून बांधलेले. वाळली होती. तोकुजीने तिला कधी पूर्ण उजेडात पाहिलंच नव्हतं, नेहमी दाराच्या सावलीत पाहिलं होतं. तिच्या कानाजवळ केस पांढरे झाले होते आणि हाताच्या बोटांना तागाने घट्टे पडले होते.

"आज मागच्या दाराने?" ती म्हणाली.

"पुढच्या दाराला कागद आहे."

"बारा दिवस झाले." तिने बादली खाली ठेवली. "शेवटपर्यंत तुमचंच चाललं होतं. अकरा तारखेला मला दारात नेऊन बसव म्हणून. मी म्हटलं, बाबा, बासरी खोलीतूनही ऐकू येते. तर म्हणाले, खोलीतून फक्त चूक ऐकू येते, चेहरा दिसत नाही."

तोकुजीला हसू आलं. "तुम्ही आजारी होतात म्हणे."

"खोकला होता. गेला." ती वाटीने कपड्यावर पाणी घालायला लागली. भिंतीवरून पाणी ओघळलं. "तुम्हाला काय वाटलं, मी गेले?"

त्याने भिंतीवरच्या कपड्याकडे पाहिलं. ती थांबली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिचेही डोळे भरून आले. दोघांच्या मध्ये कमरेइतकं कुंपण होतं. उंबऱ्यापेक्षा ते फार मोठं नव्हतं.

"गेल्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, आज सांगते," तो म्हणाला.

"म्हणाले होते. वर्षभर ठरवत होते, आणि ठरलंही होतं. आता सुतक लागलं. सुतकात असली गोष्ट बोलत नाहीत. पुढच्या वर्षी कागद निघालेला असेल, तेव्हा या."

"आणखी एक वर्ष?"

"तुमच्या मेळ्याचे नियम मी घातलेत का?" ती एकदम तडकली. "या घरच्या चुलीवरचं घोटभर पाणी पोटात गेलं तर तुम्हाला वर्षभर बासरीला हात लावता येत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मेळ्यात दुसरी बासरी नाही, हेही ठाऊक आहे. म्हणून मी तुम्हाला चहा विचारणार नाही. विचारला तर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही, म्हणून विचारणारच नाही. जा आता, तुमची माणसं शोधत असतील."

तिने रिकामी बादली उचलली आणि आत गेली. दार लावलं नाही, पण मागे वळूनही पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर तो हरवला नाही. काताओकांच्या अंगणात मेळा निघायच्या तयारीत होता. मात्सुगोरो त्याच्या तोंडाकडे बघून काहीतरी टवाळी करणार होता, पण त्याने ती गिळली. "म्हातारा?" एवढंच त्याने हळूच विचारलं. तोकुजीने होकाराची मान हलवली. मात्सुगोरोने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि लगेच ढेरी सावरत पुढे गेला.

दुपारी तोकुजीने असं वाजवलं की चाळीस-पन्नास दारांवर कुणी बोललंच नाही. बाया ताट हातात धरून उभ्या राहिल्या आणि तांदूळ घालायचे विसरल्या. तो वाजवत होता आणि मनात मोजत होता. दोन तासांना एकोणीस वर्षं लागली. आणखी दोन तास व्हायला आणखी एकोणीस. म्हणजे साठ. साठीला त्याच्याही तोंडात पाचच दात असतील, आणि शिनो ताट धरायला असेल की उत्तरेच्या भिंतीला एक कपडा असेल, कुणी सांगावं? आज त्याला तो कपडा दिसला होता. त्या बाहीकडे बघत उभं राहण्याचा क्षण त्याला पुन्हा नको होता.

पेठ आली. टोफूवालीच्या दारात सिंह नाचला, तिच्या चुलीची दृष्ट काढली. मग मालकांनी हात वर केला. ढोल थांबले, सिंहाच्या डोळ्यांवर पांढरं फडकं पडलं. तोकुजीने बासरी ओठावरून काढून हिरव्या पिशवीत सरकवली. सातही जण एका ओळीत, मान खाली घालून चालू लागले. रस्त्यावर फक्त गवती चपलांचा आवाज होता.

निशिओकांचं दार बंद होतं, कागद वाऱ्याने थोडा सुटला होता. जाळीच्या आत कुणीतरी उभं होतं. म्हणजे यंदा बासरी नाही हे ठाऊक असूनही ती दारात येऊन उभी राहिली होती.

तोकुजी थांबला.

मागचा ढोलवाला त्याच्यावर आपटला. ओळ मोडली. मालक मागे वळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "चल."

"मालक, मी आत जातोय."

"सुतकाचं घर आहे."

"माहीत आहे."

"आत गेलास की वर्षभर बासरी नाही. त्या चुलीवरचं काही घेतलंस की शुद्धीसाठी हजारदा मीठ टाकलं तरी नाही."

"माहीत आहे." त्याने दोन्ही हातांनी पिशवीसकट बासरी पुढे केली. "माझ्यामागे कोण वाजवेल ते मी सांगणार नाही. मला ठाऊक नाही. तुम्हाला तोंडघशी पाडून जातोय, हे तेवढं कळतंय."

मालकांनी बासरीकडे पाहिलं. मग घेतली. पिशवीची गाठ सोडली, बासरी बाहेर काढली आणि रिकामी पिशवी त्याच्या हातात परत दिली. "ही तिची आहे. ही ठेव," ते म्हणाले. "आणि वर्षाने आम्ही येऊ तेव्हा दारात ताट घेऊन कोण उभं राहील ते तुमचं तुम्ही ठरवा." त्यांनी जिभेने आपले पाच दात चाचपले. "मात्सुगोरो, हसलास तर याद राख."

"मी कुठे हसतोय, मालक," मात्सुगोरो म्हणाला. त्याचे गाल ओले झाले होते.

तोकुजीने दार सरकवलं. एकोणीस वर्षांत त्याने हा उंबरा कधी ओलांडला नव्हता. शिनो एक पाऊल मागे सरली. तिचे हात ताट धरल्यासारखे पुढे झाले होते, पण हातात ताट नव्हतं.

"चहा द्या," तो म्हणाला.

"वेडे झालात का?"

"असेन. चहा द्या."

ती वळली आणि चुलीवरची किटली उतरवली. ओतताना चहा थोडा चटईवर सांडला. कोपऱ्यात म्हाताऱ्याचा फोटो, समोर उदबत्ती. तोकुजीने आधी फोटोला नमस्कार केला, मग कप उचलला आणि एका दमात रिकामा केला. जीभ भाजली. त्याने कप खाली ठेवला. आता काही परत फिरवता येणार नव्हतं, आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार सोपं गेलं.

तेवढ्यात बाहेर, तीन घरं पलीकडे, बासरी सुरू झाली.

मालक वाजवत होते. पाच दातांतून वारा सुटत होता, वरचा सूर लागता लागता फाटत होता, पण चाल तीच होती. तोकुजीची बोटं आपोआप रिकाम्या कपावर हलायला लागली. जिथे श्वास घ्यायचा तिथे त्याने श्वास घेतला. बासरी चौथ्या घराला गेली, मग सहाव्या. ढोल विरळ झाला. त्याला एकदम उठून मागे धावावंसं वाटलं. त्याने दोन्ही हातांनी चटईची कड धरली.

एकोणीस वर्षं तो बासरी वाजवत या पेठेतून निघून जात होता. निघून जाणारी बासरी त्याने आज पहिल्यांदा ऐकली.

"गेली?" त्याने विचारलं.

"अजून नाही. कौलभट्टीच्या वळणापर्यंत येते ऐकू. गप्प बसा."

दोघं ऐकत बसली. मग खरोखरच काही ऐकू येईना. शिनो आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली, कान देऊन, जशी ती एकोणीस वर्षं बसत आली होती. तोकुजीने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला ते सगळं कळलं. तो रडत होता आणि त्याने डोळे पुसले नाहीत.

"हे झाल्यावर तुम्ही काय करायचात?" त्याने विचारलं.

"कामाला लागायचे." ती उठली, मागचं दार उघडलं. परसात हिरवी मच्छरदाणी वाळून हलकी झाली होती, वाऱ्यावर फुगत होती. शिनोने झाडाकडचं टोक सोडवून हातात घेतलं आणि मागे वळून खांबाकडे मान केली.

"ते खिळ्यावरचं काढ," ती म्हणाली, "आणि धर. घडी घालायचीय."